मद्यधुंद चालकाच्या गाडीने घरातला माणूस गेला, तर भरपाईचा दावा कसा करायचा: पहिल्या दिवसापासून वसुलीपर्यंत

अशा अपघातानंतर कुटुंबाचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं: त्या चालकाला शिक्षा झाली पाहिजे. ते स्वाभाविक आहे आणि योग्यही आहे. पण त्या ओढीत भरपाईचा दावा मागे पडतो. 'केसचा निकाल लागू दे, मग बघू' असं म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात, सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जातं, साक्षीदार गाव सोडून जातो. शेवटी दावा दाखल होतो तेव्हा त्यात दारूबद्दल दोन पानं असतात, आणि मृताच्या पगाराचा एकही कागद नसतो. हा लेख महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे. कायदा केंद्राचा असल्यामुळे गोव्यातही मूळ चौकट हीच.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्या. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

फौजदारी खटला सरकार चालवतं. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, किंवा प्रकरण गंभीर असेल तर कलम १०५ खाली, म्हणजे सदोष मनुष्यवध, चालतो. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. भरपाईचा दावा तुम्ही स्वतः करता. तो मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, म्हणजे वकील ज्याला एमएसीटी म्हणतात तिथे, चालतो. तिथे 'कोणती गोष्ट अधिक संभवनीय' एवढंच पाहिलं जातं. चालक फौजदारी खटल्यात सुटला तरी दावा मंजूर होऊ शकतो.

आता सर्वांत जास्त गैरसमज असलेला मुद्दा. चालक प्यायलेला होता म्हणून भरपाईची रक्कम वाढत नाही. या न्यायाधिकरणात दंड म्हणून जादा रक्कम देण्याची पद्धत नाही. कुटुंबाचं झालेलं नुकसान मोजलं जातं. दारूचा उपयोग एवढाच की ती चालकाच्या निष्काळजीपणाचा भक्कम पुरावा आहे. पण १ एप्रिल २०२२ पासून तीच दारू विमा कंपनीच्या हातातलं शस्त्रही झाली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५०(२) मध्ये विमा कंपनीला ज्या कारणांवर जबाबदारी नाकारता येते, त्यांत दारूच्या अमलाखाली गाडी चालवणं हे कारण २०१९ च्या दुरुस्तीने घातलं गेलं. म्हणून दाव्यात दारू कुठे आणि कशी मांडायची हे ठरवून मांडावं लागतं. त्याबद्दल सहाव्या टप्प्यात सविस्तर लिहिलं आहे.

## टप्पा १: पहिले ४८ तास

जवळच्या माणसाला या दिवसांत काही सुचत नाही, सुचण्याची अपेक्षाही ठेवू नये. काका, मेहुणा, चुलत भाऊ अशा एका नातेवाइकाने कागदपत्रांची जबाबदारी घ्यावी. एकानेच. चार जण चार ठिकाणी धावले की कोणता कागद कोणाकडे आहे हेच कळत नाही.

फिर्याद. तीत गाडीचा नंबर, दिशा, वेग, धडक कुठून बसली आणि चालकाच्या जागेवरून कोण उतरलं हे असलंच पाहिजे. शेवटची गोष्ट फार मोलाची. प्यायलेला मुलगा किंवा मालक बाजूला होतो आणि पगारी ड्रायव्हर 'गाडी मीच चालवत होतो' म्हणून ठाण्यात उभा राहतो, हा प्रकार नवा नाही. साक्षीदाराने चालकाचं वर्णन, कपडे, तोंडाचा वास, झोकांड्या, गाडीत दिसलेली बाटली यांपैकी जे स्वतः पाहिलं असेल तेच सांगावं. ऐकीव गोष्टी घालू नयेत. उलटतपासात त्या उलटतात.

रक्ताचा नमुना. कायद्याने मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. त्याच कायद्याच्या कलम १८५ खाली, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, अटक झालेल्या चालकाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी, असं कलम २०२ सांगतं. नमुना घेणं तुमच्या हातात नाही, पण पोलीस निरीक्षकांच्या नावे एक पानाचा अर्ज देणं आहे: चालकाची श्वास व रक्त तपासणी झाली का, किती वाजता, कोणत्या रुग्णालयात, नमुना कधी सीलबंद झाला आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत कधी पाठवला. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या अपघातात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली, आणि कुटुंबाच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचा आरोपही झाला. त्यामुळे असा अर्ज दिल्यास कुणी तुम्हाला संशयी म्हणेल याची काळजी करू नका.

शवविच्छेदन. 'आता अजून देहाची विटंबना नको' म्हणून काही कुटुंबं त्याला नकार देतात. ती भावना समजते, पण शवविच्छेदन अहवाल नसेल तर मृत्यू अपघातानेच झाला हे दाखवणं फार जड जातं. माणूस आठ-दहा दिवस उपचार घेऊन गेला असेल तर हे आणखीच लागू पडतं. अशा वेळी उपचारांची सगळी बिलं आणि डिस्चार्ज किंवा मृत्यूचा सारांशही जपून ठेवा.

> सावधान: मरणोत्तर पंचनाम्यात आणि शवविच्छेदन अहवालात वय अंदाजाने लिहिलं जातं. पंचनाम्यावर सही करण्याआधी वय आणि नावाचं स्पेलिंग वाचा. तिथे ३४ च्या जागी ३८ पडलं, तर पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद दाखवतो.

> सावधान: चालकाकडचे लोक या दिवसांत येतात, अंत्यविधीचा खर्च देऊ करतात आणि स्टँप पेपरवर 'आमची तक्रार नाही' अशी सही मागतात. कशावरही सही करू नका. शवागाराबाहेर भेटणाऱ्या एजंटांनाही कोरं वकीलपत्र किंवा कोरा चेक देऊ नका. भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवणं वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही.

## टप्पा २: पहिले तीन महिने, पोलिसांकडचे कागद

२०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाले. त्यानुसार तपास अधिकाऱ्याला वेळापत्रक बांधून दिलं आहे: ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल, ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल. हे अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जायचे असतात. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२२ मध्ये याच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले. तपास अधिकाऱ्याने तुम्हाला तुमच्या हक्कांची माहिती देणारा नमुना आणि भरायचा अर्ज दिला पाहिजे. दिला नसेल तर लेखी मागा.

कलम १६६(४) प्रमाणे हा सविस्तर अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. पण त्यावर विसंबून राहू नका. त्या अहवालात तुमच्या घरच्या उत्पन्नाची आणि अवलंबितांची बाजू तुमच्याइतक्या काळजीने कुणी मांडणार नाही. स्वतःचा अर्ज दाखल कराच.

पुढचे कागद गोळा करा, शक्यतो प्रमाणित प्रती:

1. एफआयआर आणि फिर्यादीचा जबाब
2. घटनास्थळ पंचनामा, नकाशासह
3. मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल
4. मोटार वाहन निरीक्षकाचा गाडी तपासणी अहवाल
5. चालकाचा वैद्यकीय तपासणी अहवाल, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल (तो उशिरा येतो, त्यासाठी थांबू नका)
6. चालकाचा परवाना, गाडीची नोंदणी, विमा पॉलिसी
7. दोषारोपपत्र, दाखल झाल्यावर

सीसीटीव्हीचं चित्रण बहुतेक ठिकाणी थोडेच दिवस टिकतं. पेट्रोल पंप, टोलनाका, हॉटेल, सोसायटीचं गेट जिथे कॅमेरा दिसेल त्याची यादी करून पोलिसांना लेखी द्या आणि चित्रण जप्त करण्याची मागणी करा. स्वतः मोबाइलवर स्क्रीनचं चित्रण करून आणलं तर ते पुरावा म्हणून कच्चं पडतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं.

पोलीस गुन्हाच नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, आणि तरीही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, हा क्रम पाळा.

## टप्पा ३: गाडी कोणाची, विमा कोणाचा

गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाकला की नोंदणी आणि विम्याची मुदत दिसते. अपघाताच्या दिवशी आणि वेळी पॉलिसी चालू होती का, एवढं बघा. स्क्रीनशॉट काढून ठेवा, पण आधार पोलिसांनी जप्त केलेल्या पॉलिसीचाच घ्या.

गाडी विकली होती, पण नावावर झाली नव्हती, असं उत्तर वारंवार मिळतं. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विकत घेतलेल्यालाही सामनेवाला, म्हणजे दाव्यातला विरुद्ध पक्ष, करा, पण नोंदणीकृत मालक वगळू नका.

विमाच नसेल तर वसुली चालक आणि मालकाच्या खिशातून होणार. अशा वेळी जप्त गाडी सहज सुटू नये, आणि सुटायचीच असेल तर तारण घेऊनच सुटावी, असा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे लगेच करा. गाडी एकदा सुटून विकली गेली की हाती काही उरत नाही.

## टप्पा ४: घरातले कागद

खरं सांगायचं तर दाव्याची रक्कम पोलीस ठाण्यात ठरत नाही, घरातल्या कपाटात ठरते. तीन गोष्टी सिद्ध करायच्या असतात: वय, उत्पन्न, आणि कोण कोण त्याच्यावर अवलंबून होतं.

वय. शाळा सोडल्याचा दाखला सर्वांत भक्कम. आधार कार्ड ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच एका अपघात दाव्यात म्हटलं. आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख असलेले हजारो लोक आपल्याकडे आहेत, म्हणून शाळेत जाऊन दाखल्याची प्रत काढाच.

उत्पन्न. नोकरदाराचं काम तुलनेने सोपं: नियुक्तिपत्र, पगारपत्रकं, फॉर्म १६, बँक खातेउतारा. नियुक्तिपत्र विसरू नका. नोकरी कायम होती की कंत्राटी, यावर पुढे लाखोंचा फरक पडतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत गोंधळ होतो. फक्त सातबारा लावून उपयोग नाही, कारण विमा कंपनी म्हणते की जमीन तर आहे तिथेच आहे. त्यात तथ्यही आहे. न्यायालयं बहुधा त्याच्या श्रमाचं आणि देखरेखीचं नुकसान मोजतात. म्हणून सातबाऱ्याबरोबर साखर कारखान्याची ऊसबिलं, बाजार समितीच्या पट्ट्या, दूध संघाचं पासबुक लावा आणि तो गेल्यावर मजूर किंवा सालगडी ठेवावा लागला असेल तर त्याचा खर्च दाखवा. रिक्षाचालक, गवंडी, भाजीविक्रेता यांच्यासाठी बँकेतला भरणा, यूपीआयचा हिशोब, परमिट, बांधकाम कामगार नोंदणी, ठेकेदाराची साक्ष चालते. काहीच नसेल तर किमान वेतनाच्या आधारे रक्कम ठरते, पण तिथे जाण्याआधी सगळं शोधून बघा.

गृहिणीच्या मृत्यूत 'उत्पन्न नाही' असं लिहून मोकळे होणारे अर्ज मी पाहिले आहेत, आणि ते वाचून वाईट वाटतं. तिच्या कामाला पैशात मोल धरलंच पाहिजे, आणि त्यावर भविष्यातली वाढही मिळते, हे जानेवारी २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट केलं आहे. ती काय काय करत होती ते अर्जात लिहा: स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची शुश्रूषा, शेतावरचं काम, शिवणकाम.

अवलंबून कोण. पत्नी किंवा पती, मुलं, आई, वडील. रेशन कार्ड, विवाह प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले. लग्न झालेला किंवा कमावता मुलगाही दावा करू शकतो. सून आणि सासू-सासऱ्यांचं बिनसलं म्हणून दोन वेगळे दावे टाकले जातात. त्यात सगळ्यांचंच नुकसान होतं. एकाच अर्जात सगळ्यांनी अर्जदार व्हावं, वाटणी न्यायाधिकरण करतं.

> तपासा: एलआयसीचे पैसे, भविष्य निर्वाह निधी, कुटुंब निवृत्तिवेतन मिळालं म्हणून भरपाईतून ते वजा होत नाही. १९९८ च्या एका निकालाने, ज्यात समोर आपलंच एसटी महामंडळ होतं, हा प्रश्न मिटवला आहे. ते पैसे घ्यायला घाबरू नका.

## टप्पा ५: रक्कम स्वतः काढून बघा

वकिलाकडे जाण्याआधी हा हिशोब कागदावर करा. त्याचे नियम सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून येतात: सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७). वकिलांच्या तोंडी ही नावं कायम ऐकाल.

1. वार्षिक उत्पन्न घ्या, आयकर असेल तर वजा करा.
2. भविष्यातली वाढ मिळवा. कायम नोकरीत: ४० च्या आत ५० टक्के, ४० ते ५० मध्ये ३०, ५० ते ६० मध्ये १५. स्वतःचा व्यवसाय किंवा ठरावीक पगारात: अनुक्रमे ४०, २५ आणि १० टक्के.
3. मृताचा स्वतःचा खर्च वजा करा. अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मा. २-३ अवलंबित असतील तर एक तृतीयांश. ४ ते ६ असतील तर एक चतुर्थांश. त्याहून जास्त असतील तर एक पंचमांश.
4. वयाच्या गुणकाने गुणा. १५ ते २५ साठी १८, २६-३० साठी १७, ३१-३५ साठी १६, ३६-४० साठी १५, ४१-४५ साठी १४, ४६-५० साठी १३, ५१-५५ साठी ११, ५६-६० साठी ९, ६१-६५ साठी ७, त्यापुढे ५.
5. सहवास गमावल्याबद्दल, मालमत्तेच्या हानीबद्दल आणि अंत्यविधीबद्दल ठरलेल्या रकमा मिळवा. २०१७ मध्ये त्या अनुक्रमे ४०,०००, १५,००० आणि १५,००० होत्या, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढतात. ऑक्टोबर २०२३ नंतरचे आकडे ४८,४००, १८,१५० आणि १८,१५०. पुढची वाढ ऑक्टोबर २०२६ ची. सहवासाची रक्कम पत्नीला, प्रत्येक मुलाला आणि आईवडिलांना स्वतंत्र मागा.

गुणक मृताच्या वयावरून ठरतो. अविवाहित मुलगा गेला आणि अर्जदार वृद्ध आईवडील असले तरीही. विमा कंपन्या आईवडिलांचं वय लावू बघतात. ते मान्य करू नका.

उदाहरण घेऊ. वय ३४, कायम नोकरी, पगार महिना ३०,०००, आयकर नाही. मागे पत्नी, दोन मुलं, आई. वर्षाला ३,६०,०००. त्यावर ५० टक्के वाढ: ५,४०,०००. एक चतुर्थांश वजा: ४,०५,०००. गुणक १६: ६४,८०,०००. चौघांच्या सहवासाचे १,९३,६००, बाकीचे ३६,३००. एकूण ६७,०९,९००.

आता नियुक्तिपत्र सापडलं नाही आणि वाढ ४० टक्केच धरली, तर गुणाकार ६०,४८,००० वर येतो. एका कागदापायी ४,३२,००० गेले. वय ३६ धरलं गेलं तर गुणक १५ होतो आणि ४,०५,००० कमी. चौथ्या टप्प्यावर एवढा जोर का दिला, ते यातून कळेल.

## टप्पा ६: दावा लिहिणं आणि दाखल करणं

मुदत. कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिने. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, सुनावणी चालू असेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावर दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. उशीर झालेल्या कुटुंबांना त्याचा आधार आहे. ज्यांची मुदत अजून बाकी आहे, त्यांनी सहा महिन्यांचंच कॅलेंडर धरावं. पाचव्या महिन्याच्या आत अर्ज दाखल झालाच पाहिजे, दोषारोपपत्र आलेलं असो वा नसो.

कुठे. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही जिथे राहता तिथे, किंवा सामनेवाला जिथे राहतो तिथे. कोल्हापूरचा मुलगा गोव्यात गेला असता रस्त्यावर मारला गेला, तर आईवडिलांनी म्हापशाला किंवा मडगावला खेटे घालण्याची गरज नाही. दावा कोल्हापुरात होतो. गोव्यातल्या पोलीस ठाण्याचे कागद मात्र तिथे जाऊन लवकर आणा.

कोणाविरुद्ध. चालक (सामनेवाले क्र. १), नोंदणीकृत मालक (क्र. २), विमा कंपनी (क्र. ३). दारू पाजणाऱ्या बारवर किती राग असला तरी त्याला या दाव्यात ओढू नका. त्याची जागा फौजदारी आणि परवान्याच्या कारवाईत आहे.

दारू कशी मांडायची. अर्जाचा कणा निष्काळजीपणा असू द्या. पहिल्या परिच्छेदात असं काही:

'सामनेवाले क्र. १ यांनी आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे, चुकीच्या दिशेने चालवून मयताच्या मोटारसायकलीस समोरून धडक दिली.'

वेग, दिशा, ब्रेकच्या खुणा, सिग्नल, जे पंचनाम्यात आहे ते इथे. त्यानंतर स्वतंत्र परिच्छेदात, चालक मद्याच्या अमलाखाली होता असं तपासात निष्पन्न झालं आहे, एवढंच. खरी गोष्ट लपवू नका, कारण दोषारोपपत्र समोर येणारच आहे. पण संपूर्ण दावा 'तो प्यायला होता' यावर उभा केला आणि उद्या प्रयोगशाळेचा अहवाल २५ मिलिग्रॅम आला, तर दाव्याचा पायाच हलतो. उलट अहवाल १२० आला, तर विमा कंपनी तुमचाच अर्ज हातात धरून 'आम्ही जबाबदार नाही' म्हणते.

म्हणून मागणीच्या परिच्छेदात ही पर्यायी मागणी घालाच:

'विमा शर्तीचा भंग झाल्याचे आढळल्यास, भरपाईची रक्कम प्रथम सामनेवाले क्र. ३ यांनी अर्जदारांना अदा करावी व ती सामनेवाले क्र. १ व २ यांचेकडून वसूल करण्याची मुभा त्यांना द्यावी.'

याला 'आधी भरा, मग वसूल करा' म्हणतात. परवाना नसलेल्या चालकांच्या प्रकरणांत हे तत्त्व जुनं आहे. मद्यधुंद चालकाच्या प्रकरणातही विमा कंपनीने तिसऱ्या पक्षाला, म्हणजे अपघातात बळी पडलेल्याच्या बाजूला, आधी रक्कम द्यावी, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं. महाराष्ट्रातल्या न्यायाधिकरणावर तो निकाल बंधनकारक नसला तरी युक्तिवादात वापरता येतो. माझ्या मते या प्रकारच्या दाव्यात ही एक ओळ सर्वांत महत्त्वाची आहे.

> तपासा: अर्जावर सही करण्याआधी पाच गोष्टी वाचा: अपघाताची तारीख व वेळ, गाडीचा नंबर, पॉलिसी क्रमांक, सर्व अर्जदारांची नावं (अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलांसह), पर्यायी मागणी.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

## टप्पा ७: विमा कंपनीचा प्रस्ताव आला तर

इथे फार काळजी घ्या. दोन मार्गांची सरमिसळ होते.

कलम १६४ खाली कोणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख रुपये मिळतात. घरात चूल पेटवायची पंचाईत असताना ५ लाख मोठे वाटतात. पण कलम १४९ च्या पद्धतीने, म्हणजे विमा कंपनीशी तडजोड करून, ही रक्कम तुम्ही स्वीकारली, की कलम १६६ चा तुमचा दावा संपतो. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाने ती घेतली असती तर ६७ लाखांचा दावा ५ लाखांत मिटला असता.

ज्यांचं उत्पन्न फार कमी, वय फार जास्त, किंवा चूक कोणाची हेच धूसर आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग विचार करण्यासारखा असू शकतो. बाकीच्यांनी पाचव्या टप्प्याचा कागद समोर ठेवूनच उत्तर द्यावं. कंपनीचा माणूस घरी आला, तर 'प्रस्ताव लेखी द्या, कोणत्या कलमाखाली ते लिहा' एवढंच म्हणा.

लोकअदालतीत तडजोड करणं वाईट नाही, वर्षं वाचतात. तुमच्या हिशोबाच्या किती टक्क्यांपर्यंत खाली यायचं, हे घरात आधी ठरवून जा. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

## टप्पा ८: साक्षीपुरावा

सरतपास, म्हणजे आपल्या साक्षीदाराचं स्वतःचं म्हणणं, प्रतिज्ञापत्रावर होतो, उलटतपास समोर. पत्नीने किंवा वडिलांनी उत्पन्न आणि अवलंबित्वाबद्दल बोलावं. अपघात पाहिला नसेल तर 'मी पाहिला नाही' असं सरळ सांगावं. अपघातासाठी प्रत्यक्षदर्शी किंवा फिर्यादी. पगारासाठी कंपनीतला माणूस, समन्स काढून. नुसती पगारपत्रकाची झेरॉक्स बऱ्याचदा नाकारली जाते.

विमा कंपनी काय विचारेल ते आधी माहीत असू द्या: हेल्मेट होतं का, गाडीवर तिघे होते का, मृत व्यक्तीही प्यायली होती का. दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून मृताची चूक ठरत नाही. त्यामुळे अपघात झाला हे दाखवावं लागतं.

चालक प्यायलेला होता हे सिद्ध करण्याचा भार, शर्तभंगाच्या मुद्द्यावर, कंपनीवर आहे. नुसता 'तोंडाला वास' हा शेरा आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांत फरक आहे. पण चाचणी झाली नाही म्हणजे कंपनी गप्प बसेल असं समजू नका. इतर परिस्थितीवरूनही ती प्रयत्न करू शकते.

## टप्पा ९: निवाड्यानंतर

रक्कम ३० दिवसांत जमा करायची असते. अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज मागितलं आहे आणि निवाड्यात आलं आहे हे तपासा. अज्ञान मुलांचा वाटा मुदत ठेवीत राहतो. प्रत्येक अर्जदाराचं स्वतःच्या नावाचं बँक खातं आधीच काढून ठेवा.

रक्कम आली नाही तर कलम १७४ खाली अर्ज करा. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुली प्रमाणपत्र देतं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. विमा नसलेल्या प्रकरणात हाच मार्ग, म्हणून मालकाच्या मालमत्तेची माहिती, सातबारा, घरपट्टी, आधीपासून जमवा.

रक्कम कमी वाटली तर उच्च न्यायालयात अपील, ९० दिवसांच्या आत. वादातली रक्कम १ लाखापेक्षा कमी असेल तर अपील चालत नाही.

## वेगळ्या वाटेची प्रकरणं

चालक पळून गेला, गाडी सापडली नाही. कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात. पुढे गाडी सापडली आणि कलम १६६ खाली भरपाई मिळाली, तर हे २ लाख परत करावे लागतात.

चालक अल्पवयीन. कलम १९९अ खाली पालक किंवा मालकावर स्वतंत्र गुन्हा होतो. भरपाईच्या दाव्यात मालक आणि विमा कंपनी नेहमीप्रमाणेच. परवाना नसल्याचा आणि दारूचा असे दोन्ही बचाव येतील, त्यामुळे पर्यायी मागणीचं महत्त्व दुप्पट.

मृत व्यक्ती त्याच मद्यधुंद चालकाच्या गाडीत बसलेली होती. पॉलिसी पॅकेज (सर्वसमावेशक) आहे की फक्त थर्ड पार्टी, हे आधी बघा. खासगी गाडीतला प्रवासी थर्ड पार्टी पॉलिसीत सहसा येत नाही. 'प्यायलेला माहीत असूनही गाडीत का बसला' हा प्रश्न येणारच. त्याचं खरं उत्तर आधीच वकिलाला सांगा.

मृत व्यक्ती कामावर होती, जसा ट्रकचा क्लीनर किंवा डिलिव्हरीवाला. कर्मचारी भरपाईचा कायदा (आधी १९२३ चा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता २०२०) आणि मोटार वाहन कायदा यांपैकी एकच मार्ग निवडता येतो. दोन्हींचा हिशोब शेजारी शेजारी मांडा, मगच अर्ज करा. एकदा निवडल्यावर बदलता येत नाही.